वरची पिशवी

अहो,

एक गोष्ट आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश लिहीन. तुम्हाला काहीही कळलेलं नव्हतं. तुम्ही मरायची तयारी केलेली नव्हती. तुम्ही दीवला जायची तयारी केली होती.

हे मी गेल्या महिन्याभरात घरात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं आहे. आपल्याकडे दारवर, म्हणजे दुखवट्याला, येणारी माणसं ऐकायला येत नाहीत, बसायला येतात. ती मान हलवतात, पदर डोळ्यांना लावतात आणि उठताना एकमेकींना म्हणतात, बाईला अजून धक्क्यातून सावरता आलं नाही. तेव्हा आता तुम्हालाच लिहिते. दुसरा साक्षीदार माझ्याकडे नाही.

त्या सकाळचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. मी ओट्याशी चहा करत होते. तुम्ही फिरायला जायचं म्हणून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून बूट घालत होतात. चहा गाळून आणला तेव्हा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. तुमची मान थोडी वाकलेली होती, जशी बुटाची नाडी बघताना वाकते. मी कप टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आधी चहा घ्या." नंतर डॉक्टर आले आणि गेले. मग सुभाषभाऊ आले, गल्लीतली माणसं आली, शेतातल्या घरून आक्का आल्या. धाकटा भाऊ आणि थोरली बहीण, दोघंही तुमच्यासमोर पहिल्यांदाच गप्प उभे होते.

बाजार अजून उघडला नव्हता. बांबू कुठून तरी आले, पण दोरी नव्हती. सुभाषभाऊंनी दारातून विचारलं, "वहिनी, घरमा दोरी शे का?" कोणीतरी दारामागच्या खुंटीवरून तुमची पिशवी काढली, चेन उघडली आणि मोठ्याने म्हणालं, "आठे तर सर्वंच शे!"

आणि खरंच सगळं होतं. नायलॉनची दोरी तिरडीला लागली. कात्रीने पांढरं कापड कापलं. दारापुढे सावलीसाठी जे कापड ताणलं, त्याला तुमच्या पिना आणि चिमटे लागले. कापराची डबी लागली. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली काडेपेटी लागली. गोमाई नदीच्या काठावर वारा होता, बाकीच्यांच्या काड्या विझत होत्या, तुमची पहिल्याच काडीला पेटली, असं सुभाषभाऊ नंतर सगळ्यांना सांगत होते. आणि नाडीच्या त्या लहान कापडी पिशव्या, ओले कपडे वेगळे ठेवायला म्हणून आपल्या मनूच्या जुन्या फ्रॉकच्या तुम्ही शिवून घेतल्या होत्या, त्यातल्या फुलाफुलांच्या एका पिशवीत दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात.

त्याच दिवशी आक्कांनी ते वाक्य उच्चारलं. "देखा व मायवं, मन्हा भाऊनी सर्वं भरी ठेयेल व्हतं. कोनले तरास नको म्हनीसन. त्याले समजी गयं व्हतं."

तेराव्यापर्यंत या वाक्याला पाय फुटले. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत तुम्ही स्वतःच्या हाताने तिरडीची दोरी मोजून ठेवली होती. कारखान्यातले लोक आले, त्यातला एक म्हणाला, काका या हंगामात सारखे म्हणायचे की हा आपला शेवटचा हंगाम. अहो, ते तुम्ही दर हंगामात म्हणायचात! निवृत्त झाल्यावरही बोलावणं आलं की म्हणायचात, आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा डबा भरून घ्यायचात. पण माणूस गेला की त्याच्या साध्या बोलण्याचंही काहीतरी वेगळंच होऊन बसतं. तुम्ही आता साधुपुरुष आहात. सत्तावीस वर्षं ज्या माणसाबरोबर मी मोजे कुठे टाकले यावरून भांडले, तो साधुपुरुष होता हे मला तेराव्याला कळलं.

मला हे मान्य नाही. मान्य होणारही नाही.

त्या पिशवीचं काय होतं ते मला माहीत आहे. तुम्ही मिल विभागात फिटर होतात. गळीत सुरू झालं की मिल थांबता कामा नये, एवढं एक तत्त्व घेऊन तुम्ही जन्म काढलात. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, ऊस उन्हात वाळतोय, आणि आत एका फुटकळ वस्तूसाठी सगळं ठप्प. "एक वाशर नही म्हनीसन सर्वी मिल बंद पडेल मी देखेल शे," हे तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासातच सांगितलं होतं, तेही मी न विचारता. म्हणून आपल्या घरी प्रवासाचं सामान दोन प्रकारचं. कपडे, पैसे, औषधं, तिकिटं हे खरं सामान, ते मी भरायचं. आणि ज्याच्यावाचून अडणार नाही पण अडलं तर त्याच्याचवाचून अडेल, ते वरचं सामान. त्याची ही वरची पिशवी, खाकी, कारखान्याच्या हत्यारांच्या पिशवीसारखी, तुम्ही भरायची. त्यात माझा हात लागलेला तुम्हाला चालायचा नाही.

"ही पिशवी नाही, हार्डवेअरचं दुकान आहे," मी म्हणायचे.

"तू पुस्तकंस्नं दुकान लई जास, ते चालस!"

"पुस्तकं मी वाचते. तुमच्या त्या पिशवीतलं निम्मं कधी बाहेरसुद्धा येत नाही."

"बाहेर येवानी येळ उनी नही, हाई चांगलंच व्हयनं ना व, मनूनी माय."

हा आपला वाद. दर वर्षी, त्याच शब्दांत, त्याच खुंटीखाली. तो संपलेला नव्हता.

आपलं फिरणंही उलटं. लोक दिवाळीत जातात, आपल्याकडे दिवाळी म्हणजे कारखान्याचे भर धावपळीचे दिवस. आपली सुट्टी धुराडं थंड झाल्यावर, चैत्र-वैशाखाच्या उन्हात. त्यामुळे या देशातले बरेच धबधबे मी फक्त खडकांच्या रूपात पाहिले आहेत. सापुताऱ्याला तळ्याचा चिखल पाहिला. ओंकारेश्वरला पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की तुम्ही पिशवीतून जुने सुती मोजे काढलेत, एक जोड मला, एक स्वतःला, आणि मागून येणाऱ्या एका अनोळखी म्हातारबुवांना तिसरा. तिसरा जोड कशासाठी आणला होता, हे मी विचारलं नाही. मिलमध्ये कदाचित तिसऱ्यालाही अर्थ असेल.

आणि बल्ब. सापुताऱ्याच्या पहिल्या लॉजमध्ये मिणमिणता पिवळा दिवा होता आणि मी संध्याकाळभर पुस्तक खिडकीकडे धरून बसले. तक्रार केली नव्हती. पुढच्या वर्षी लॉजची खोली उघडल्याबरोबर तुम्ही खुर्ची ओढलीत, वर चढलात, त्यांचा बल्ब काढलात आणि एका मोज्यातून आपला बल्ब काढून बसवलात. कॉलेजच्या ग्रंथालयात मी एवढी वर्षं काम केलं, तिथेही माझ्या टेबलावर कधी इतका उजेड नव्हता. तेव्हापासून तो बल्ब प्रत्येक मुक्कामाला आला. ओंकारेश्वरच्या मॅनेजरने तर दार वाजवलं होतं.

"भाईसाब, इस कमरे में इतना उजाला कैसे?"

"हमारे घर का है. साथ में लाये."

"तो छोड़ के जाइये ना, यादगार."

"नही भाई, इसको अभी भोत घूमना है."

अबूहून निघताना तुम्ही घाईत उलटं केलंत, आपला बल्ब तिथे राहिला आणि त्यांचा मळका बल्ब मोज्यातून घरी आला. मोज्यात मग नवा बल्ब आला, तो मळका अजून आपल्या जिन्यात आहे. त्याच्या उजेडात पायऱ्या दिसत नाहीत, पण तुम्ही तो बदलू दिला नाहीत. म्हणालात, पाहुणा आहे.

तोरणमाळची गोष्ट मात्र मला आज लिहायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तळ्याच्या काठावर मी वाकून पाणी बघत होते आणि माझा चष्मा नाकावरून सुटून पाण्यात गेला. तुम्ही बूट काढून गुडघाभर पाण्यात उतरलात, चाचपडलात, हाताला शेवाळ लागलं. दुसरा चष्मा नव्हता. पिशवीत सगळं होतं आणि तो नव्हता. तुमचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. मग उरलेले दोन दिवस तुम्ही मला माझं पुस्तक वाचून दाखवलंत. तुम्ही, ज्यांनी वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलं नव्हतं. तुमच्या तोंडी ती कादंबरी अर्धी अहिराणी झाली. नायकाने नायिकेला पत्र लिहिलं की तुम्ही थांबून म्हणायचात, "हाऊ मानूस समोर जाईसन बोलत काबर नही?" मला ती कादंबरी नंतर कधी पुन्हा वाचवली नाही. त्यात तुमचे शेरे नव्हते.

त्यानंतर माझ्या जुन्या नंबरचा चष्मा पिशवीत कायमचा आला. आणि दोरीचा विषय निघाला. चष्म्याला दोन्हीकडून अडकवायची, गळ्यात घालायची दोरी. तुम्ही दर प्रवासाआधी काढायचात, मी दर वेळी नाही म्हणायचे. गळ्यात चष्मा लोंबकळत ठेवणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. ग्रंथपाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तशीच बाई येते, आणि मी ती होणार नव्हते. या वर्षी दीव ठरलं. समुद्र मी पाहिला होता, एका प्रशिक्षणाला मुंबईत गेले होते तेव्हा लांबून, कठड्यावरून. पाण्यात पाय घातला नव्हता. इतकी वर्षं उन्हाळा म्हणून डोंगरच निवडत आलो. या वेळी तुम्हीच म्हणालात, एवढं समुद्राचं वाचतेस, एकदा आत तरी ये.

"लाटमा चष्मा जाई मंग काय करशी?"

"चष्मा काढून ठेवीन."

"मंग समुद्र कसा दिसई?"

मी म्हटलं, "दोरी मी घालणार नाही, विषय संपला." तुम्ही हसलात आणि गप्प बसलात. तुम्ही इतक्या लवकर कधी गप्प बसत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तेराव्यानंतर आवराआवर सुरू झाली. तुमचे कपडे कुणाकुणाला गेले, ते ठीकच, कपडे माणसाच्या अंगावर असावेत. पण आक्कांचं लक्ष खुंटीवर होतं. निम्मी रिकामी, सुरकुतलेली पिशवी तिथे पुन्हा लटकत होती, कुणीतरी नदीवरून परत आणून टांगली होती.

"हाई पिशवी घरमा नको," आक्का म्हणाल्या. "मयतनं सामान शे ते. नदीमा टाकी दे."

"मयताचं नाही आक्का. प्रवासाचं आहे."

"लागनं तर मयतलेच ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी फारशी बोलणारी नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी बोलले की लोक जरा वेळ वाट बघतात, बोलणं संपलं की नाही ते कळावं म्हणून. मी पिशवी खुंटीवरून काढली, आतल्या खोलीत नेली, पुस्तकांच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दुपारी सगळे पडले होते तेव्हा मनूने आणि मी ती उघडली. मनू पुण्याला परत जायची होती. आतमध्ये काय उरलं आहे ते बघू, एवढाच विचार. मोज्यातला बल्ब होता. तीन पिनांची सॉकेटवाली वस्तू होती, तिला तुम्ही 'तिठा' म्हणायचात. माझा जुना चष्मा होता. साबणाचे तुकडे, चमचा, रबरांचा गुच्छ. सगळ्यात आत चेनचा कप्पा आहे ना, त्याच्याकडे त्या दिवशी घाईत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मनूने चेन ओढली आणि म्हणाली, "आई, हे काय?"

चष्म्याची दोरी. तपकिरी, गोफाची, टोकांना रबराच्या कड्या. दुकानाच्या कागदी पाकिटात, वरचा प्लास्टिकचा पापुद्राही न काढलेला.

मनू रडायला लागली. मी नाही. मला तुमचा अख्खा बेत दिसला. तुम्ही दीवच्या वाळूत उभे आहात, मी पदर खोचून पाण्याच्या कडेला, चष्मा हातात, पुढे जाता येत नाही, मागे यायचं नाही. आणि तुम्ही काही न बोलता पिशवीत हात घालता. काय चेहरा केला असतात तुम्ही! मी किती चिडले असते!

आता मला कुणीही सांगावं. ज्या माणसाला आपलं मरण समजलं आहे तो शहाद्याच्या बाजारात जाऊन, बायकोला समुद्रात उतरताना लागेल म्हणून, तिला न आवडणारी दोरी लपवून आणतो का? कापूर तुम्ही लॉजच्या मोरीतला वास जावा म्हणून भरला होता. दोरी कपडे वाळत घालायला होती. कात्री आमरसाची पाकिटं कापायला होती. त्यांनी तुमच्या सुट्टीचं सामान नेऊन जाळलं, बांधलं, संपवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या सकाळी दुसरं काही हाताशी नव्हतं आणि उपयोगी पडणं हा तुमच्या वस्तूंचा धर्मच होता. पण त्यावरून तुमचा हेतू बदलू देणार नाही मी. तुम्हाला जगायचं होतं. तुम्हाला पुढच्या महिन्यात माझी फजिती बघायची होती.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, तीही सांगते. निम्म्या वस्तू कधी वापरल्या जात नाहीत हे माझं म्हणणं होतं. त्या एका दिवसात त्याच निम्म्या वापरल्या गेल्या. वाद तुम्ही जिंकलात, आणि ऐकायला थांबला नाहीत.

त्याच संध्याकाळी मी मनूला सांगितलं, मी दीवला जाणार.

"मी येते, पप्पांच्या जागी."

"नको. तू आलीस की तुझ्याशी बोलत बसावं लागेल. मला वाचायचंय."

ती रडता रडता हसली. पण घरात बाकी कुणी हसलं नाही. कारण आपल्याकडची रीत. नवरा गेलेल्या बाईने पहिला मुक्काम भावाच्या घरी करायचा. भाऊ येतो, तिला घेऊन जातो, एक रात्र ठेवतो, साडी देतो आणि परत आणून सोडतो. तोवर तिने दुसरीकडे कुठे रात्र काढायची नाही. आणि कुठे काढायची, तर सुट्टीवर, समुद्रावर!

दादा धुळ्याहून आलाच. बिचारा साडी घेऊन आला होता. म्हणाला, "एक मुक्काम कर माझ्याकडे. रीत पूर्ण होईल, मग तुला जायचं तिकडे जा, कोण अडवतंय?" साधी वाट होती. कुणीच दुखावलं गेलं नसतं. मी रात्रभर विचार केला नाही, तिथल्या तिथे सांगितलं. "तुझ्याकडे येईन. आठ दिवस राहीन. पण दीवहून आल्यावर." दादाला वाईट वाटलं. पण मला कळत होतं की एकदा का मी त्याच्या मोटारीत बसले की मला माझ्या घरातून उचलून मूळ ठिकाणी परत पोचवल्यासारखं होईल, आणि मग दीवला जाईल ती दुसरीच बाई असेल, भावाने परवानगी दिलेली. मला तुमच्याबरोबर ठरलेल्या प्रवासाला जायचं होतं.

मग पिशवी पुन्हा भरायची होती. जे गेलं ते आणायचं होतं. मुख्य बाजारातल्या आपल्या शेठच्या दुकानात गेले. त्यांचे आजोबा मारवाडातून आले तेव्हापासूनचं ते दुकान. भर संध्याकाळ, गिऱ्हाईक उभं. मी एकेक सांगत गेले. नायलॉनची दोरी. कापूर. काडेपेटी. एक लहान कात्री. पांढऱ्या मांजरपाटाच्या नाडीच्या पिशव्या.

शेठ काढून ठेवत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. हळूच म्हणाले, "भाभी, मासिक आहे का? मग तांदूळ, काळे तीळपण लागतील ना. पोऱ्याबरोबर घरी पाठवतो, तुम्ही कशाला आलात?"

तेव्हा मला माझ्यासमोरचा ढीग दिसला. खरंच, दोन्हीचं सामान एकच आहे. मागे गल्लीतल्या दोघीजणी होत्या, त्याही त्या ढिगाकडेच बघत होत्या.

"मासिक नाही," मी म्हटलं. माझा आवाज वाचनालयातला आहे, तो मोठा होत नाही. त्या दिवशी झाला. "मी फिरायला चाललेय. दीवला. समुद्रावर."

मागची एक "व माय" एवढंच म्हणाली. शेठनी ढिगातली काडेपेटी उचलली, फळीवर परत ठेवली आणि स्टुलावर चढून वरच्या खणातून दुसरी काढली, जाड काड्यांची, मोठी.

"भाई हीच नेत होते," ते म्हणाले. "वाऱ्यात विझत नाही. समुंदरपे हवा बहोत रहती है."

तेवढ्यासाठी मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मी पैसे ठेवले आणि निघाले. घरी येऊन काडेपेटी दोन पिशव्यांत गुंडाळली, जशी तुम्ही गुंडाळायचात, आणि मग रडले. ओट्याशी, उभ्याने, पुरेसं.

आज आक्का आल्या. न बोलावता. उद्या सकाळी मी निघते हे त्यांना कुणीतरी कळवलं असणार. खुर्चीवर बसल्या नाहीत, दारामागच्या खुंटीखाली भिंतीला टेकून बसल्या. पिशवी वर टांगलेली, भरलेली.

"जाशीच का व?"

"जाईन."

"लोके काय म्हनतीन?"

"म्हणू देत."

मला वाटलं, आता पुन्हा नदीचं काढतील. पण त्या वेगळंच बोलू लागल्या. "मन्हा मानूस गया तव्हय पहिला मुक्काम मी आठेच करा व्हता. तुन्हा घर. याद शे?"

मला आठवत होतं. मी नवी होते तेव्हा. तुम्ही जाऊन त्यांना घेऊन आला होतात.

"मन्हाकडे काहीच नव्हतं. सकाळमा दात घासाले बी नही. भाऊनी हाई पिशवीमातून नवा बुरुश काढी दिन्हा, फणी दिन्ही. काहीच बोलना नही. मी तव्हय पहिली बार पोटभर रडनू."

मग मला आक्का समजल्या, अहो. त्यांना रीत प्यारी नाही, तो मुक्काम प्यारा आहे. त्यांच्या लेखी भावाच्या घरासारखं दुसरं काही नाही, कारण त्यांचा भाऊ तुम्ही होतात. आणि तुम्हाला सगळं आधीच समजलं होतं, हे म्हटल्याशिवाय त्यांना तुमचं असं बूट हातात धरून जाणं सोसत नाही. त्यांची ती गोष्ट त्यांच्याकडे राहू दे. मी ती हिसकावणार नाही. फक्त माझी म्हणून घेणार नाही.

उठताना त्यांनी हातातल्या पाटलीला अडकवलेला पिनांचा झुबका सोडवला. एक पिन काढली, मग दुसरी, मग सगळाच झुबका माझ्या तळहातावर ठेवला.

"ले. तुन्ह्या पिना बी तठेच गयात ना."

"आक्का..."

"ठेव. वरचं लागस." दारात जाऊन वळल्या. "पन त्याले समजी गयं व्हतं. हाई मी म्हनसूच."

"म्हणा," मी म्हटलं. "मी नाही म्हणेन."

"हा. तू म्हन नही," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

पिना पिशवीत गेल्या आहेत. बल्ब मोज्यात आहे. माझी पुस्तकं या वेळी दोनच, कारण पिशवी मलाच उचलायची आहे आणि ती जड आहे. तुम्ही ती खांद्याला लावून इतक्या सहज कसे चालायचात कोण जाणे. उद्या सकाळच्या बसने नंदुरबार, तिथून सुरत, पुढे तुम्ही ठरवली होती तशीच गाडी. तुमची जागा रद्द केलेली नाही. तिथे पिशवी ठेवीन. कुणी विचारलं तर सांगेन, माणूस आहे.

दोरी चेनच्या कप्प्यात होती तिथेच आहे. पापुद्रा आज काढला. चष्म्याला लावून बघितली, आरशासमोर उभी राहिले. अगदी तशीच बाई दिसते, जी मला व्हायचं नव्हतं.

तेव्हा ऐका. बसमध्ये घालणार नाही. गाडीतही नाही. लॉजमध्ये तर नाहीच, तिथे तुमचा बल्ब आहे, मला सगळं स्वच्छ दिसेल. वाळूवरही हातात धरून चालेन. फक्त पाण्यात उतरताना घालीन, कंबरेपर्यंत जाईन, समुद्र कसा दिसतो ते नीट बघून घेईन आणि बाहेर आल्याबरोबर काढून ठेवीन.

जिंकलात असं समजू नका.